फक्त चेंडू पांढरा : बेसबॉलचे ग्रंथविश्व आणि वहीचा हक्क

खेळावरच्या लेखनाला मराठी समीक्षेने नेहमी ओसरीवर बसवले आहे. माजघरात कथा, कविता, कादंबरी आणि नाटक. खेळाचे पुस्तक आले की त्याला पाणी विचारायचे, चार कौतुकाचे शब्द बोलायचे आणि वाटेला लावायचे. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे धावते वर्णन मराठीत आणले, वि. वि. करमरकरांनी दैनिकात खेळाला मानाचे पान मिळवून दिले, द्वारकानाथ संझगिरींची पुस्तके घरोघरी गेली. तरी यांच्यापैकी कोणाच्या गद्याची चिकित्सा, एखाद्या ललित लेखकाच्या गद्याची होते तशी, झालेली आम्हांला फारशी दिसत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बेसबॉलच्या ग्रंथविश्वाकडे पाहताना पहिले नवल वाटते ते याचे, की तिथे बर्नार्ड मॅलमड, फिलिप रॉथ यांच्यासारखे पहिल्या रांगेतले कादंबरीकार या खेळावर कादंबरी लिहितात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल असल्यामुळे आमच्या क्रीडासाहित्याच्या पेटीत दोन जाड चामडी हातमोजे येऊन पडले, आणि मुलांना खेळ समजावण्यासाठी जे वाचायला घेतले ते या पुस्तकांपर्यंत घेऊन गेले. मुले बाजूलाच राहिली हे सांगायला नको.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू, नऊ डाव, प्रत्येक डावात तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, दोहोंत नव्वद फुटांचे अंतर. चेंडू फेकणारा तो पिचर. मारणाऱ्याने चेंडू टोलवून चारही बेस फिरून परत यायचे, म्हणजे एक धाव. दोन चेंडूंमधल्या वेळेला २०२३ पासून घड्याळ लावले गेले, पण सामन्याला काळाची मर्यादा आजही नाही. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे उन्हाळाभर जवळजवळ रोज सामना, रोज बातमी, रोज आकड्यांचा तक्ता. ज्या खेळात थांबणे जास्त आणि धावणे कमी, त्यात बोलायला आणि लिहायला वाव मिळतोच. क्रिकेटचेही तेच आहे.

या खेळाला वही दिली ती एका क्रिकेटच्या माणसाने. हेन्री चॅडविक हे इंग्लंडातील एक्सेटरचे, जन्म १८२४ चा, लहानपणीच अमेरिकेत गेलेले. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत ते क्रिकेटच्या बातम्या देत. १८५० च्या दशकात बेसबॉलकडे वळले तेव्हा क्रिकेटचा धावफलक त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यावरून त्यांनी सामन्याचा संक्षिप्त तक्ता बेतला. कोणी किती मारले, कोण कसा बाद झाला, कोणाच्या हातून चूक झाली, सारे अंगुळभर जागेत. ज्याने सामना पाहिला नाही त्यालाही तक्ता वाचून सामना उभा करता यावा. आमच्या मते बेसबॉलच्या साहित्याचा पाया कोणत्याही कादंबरीने घातला नाही, तो या तक्त्याने घातला. पुढे जे झाले त्याचे सूत्रही इथेच आहे : ज्याचे नाव तक्त्यात नाही, तो खेळलाच नाही.

वही हाती असली की माणूस जन्मकथाही आपल्या सोयीने लिहितो. चॅडविक म्हणत की हा खेळ इंग्लंडातल्या 'राउंडर्स'वरून आला. क्रीडासाहित्याचे कारखानदार अल्बर्ट स्पॉल्डिंग यांना हे रुचले नाही. अमेरिकेचा खेळ अमेरिकेतच जन्मला पाहिजे. त्यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये एक मंडळ नेमले गेले आणि १९०७ च्या अखेरीस त्याने निकाल दिला की ॲबनर डबलडे नामक लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावी हा खेळ शोधला. पुरावा काय, तर एका वृद्ध गृहस्थाची आठवण. त्या साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते. एवढे असून १९३९ मध्ये 'शताब्दी' साजरी झाली आणि कूपर्सटाउनला खेळाचे सन्मान-संग्रहालय, हॉल ऑफ फेम, उभे राहिले. ते आजही तिथेच आहे. इकडे जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'ची नायिका, जिची कथा अठराव्या शतकाच्या शेवटी लिहिली गेली, ती लहानपणी 'बेस बॉल' खेळत असल्याचा उल्लेख आहे. डेव्हिड ब्लॉक यांचे २००५ चे 'बेसबॉल बिफोर वी न्यू इट' आणि जॉन थॉर्न यांचे २०११ चे 'बेसबॉल इन द गार्डन ऑफ ईडन' ही दोन पुस्तके या दंतकथेचा शिस्तीत पंचनामा करतात. ज्यांना इतिहास म्हणजे दंतकथा आणि दंतकथा म्हणजे इतिहास कसा होतो हे पाहायचे असेल त्यांनी ती अवश्य वाचावीत.

आता ललित लेखनाकडे. रिंग लार्डनर यांचे 'यू नो मी ॲल' हे १९१६ चे पुस्तक आम्ही सर्वांत वर ठेवतो. जॅक कीफ नावाचा एक अर्धशिक्षित, बढाईखोर पिचर गावाकडच्या मित्राला पत्रे लिहितो, एवढाच त्याचा घाट. शुद्धलेखनाच्या चुका, व्याकरणाची मोडतोड, प्रत्येक पराभवाचे खापर दुसऱ्यावर. वाचक हसतो, पण हसता हसता त्याला या माणसाचा कंजूसपणा, भित्रेपणा, एकटेपणा कळत जातो. लार्डनर मध्ये येऊन काहीच बोलत नाहीत. मोडकी भाषा ही इथे चेष्टेची वस्तू नाही, ती पात्राची आतली बाजू आहे.

हीच मोडकी भाषा पत्रकाराच्या हाती गेली की तिचे काय होते, हे रॉबर्टो क्लेमेंटे यांच्या बाबतीत दिसते. प्युर्टो रिकोचा हा थोर खेळाडू १९५५ पासून पिट्सबर्गकडून खेळला. त्याची मातृभाषा स्पॅनिश. सामना संपल्यावर तो इंग्रजीत जे बोले ते काही पत्रकार त्याच्या उच्चारासकट, अक्षरे वाकडी करून छापत. त्याच संघातला गोरा खेळाडू व्याकरण चुकला तर तेच पत्रकार गुपचूप दुरुस्त करून देत. त्याचे नाव रॉबर्टो. खेळाडूंच्या चित्रपत्त्यांवर मात्र 'बॉब' छापले जाई. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून तो गेला. डेव्हिड मॅरनिस यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रात हा भाषेचा अपमान नीट नोंदवला आहे.

आमच्या वाचकांना हे वाचताना काही आठवेल. मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटात मुसलमान पात्र आले की त्याच्या तोंडी 'क्या रे, किधर जाताय' छापाची एक खास भाषा घातली जाते, प्रेक्षक हसतात आणि पात्राचे काम संपते. बोलीला आमचा विरोध नाही. दखनी ही आमच्या घरांची जबान आहे, आणि कोकणात आमची माणसे जी मराठी बोलतात तिच्यासारखी गोड मराठी दुसरी नाही. प्रश्न असा की ती भाषा पात्राच्या आतून येते की बाहेरून चिकटवलेल्या दाढीसारखी येते. लार्डनर आणि पिट्सबर्गचे ते पत्रकार यांच्यामध्ये हाच फरक आहे.

मॅलमडच्या 'द नॅचरल'चा (१९५२) बोलबाला फार आहे. आम्हांला ती कादंबरी जड वाटली. १९४९ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात एडी वेटकस या खेळाडूवर एका तरुणीने गोळी झाडली होती, त्या घटनेचा धागा घेऊन मॅलमड त्यावर जुन्या शौर्यकथांचे एवढे जरीकाम करतात की खाली कापड दिसत नाही. पण शेवट खरा आहे : नायक अखेरच्या क्षणी बाद होतो. १९८४ च्या चित्रपटात रॉबर्ट रेडफोर्ड मात्र होमरन मारतो आणि दिवे फुटून ठिणग्यांचा पाऊस पडतो. कादंबरीकाराने पराभव लिहिला, बाजाराने विजय विकला. मार्क हॅरिस यांची 'बँग द ड्रम स्लोली' (१९५६) आम्हांला कितीतरी जवळची वाटली. मरणपंथाला लागलेल्या एका सामान्य खेळाडूला त्याचा मित्र कसा सांभाळतो, एवढीच कथा, आणि तीत आवाज कुठेही चढत नाही.

१९१९ च्या अंतिम मालिकेत शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला. १९२१ मध्ये न्यायालयाने त्यांना सोडले, पण खेळाच्या आयुक्तांनी जन्मभर बंदी घातली. इलियट ॲसिनॉफ यांचे 'एट मेन आउट' (१९६३) हे त्यावरचे गाजलेले पुस्तक. ते कादंबरीसारखे वाचले जाते, आणि तिथेच शंका येते. त्यातले एक गुंडाचे पात्र आपण रचलेले होते हे लेखकाने पुढे स्वतःच सांगितले. त्या आठांपैकी शूलेस ज्यो जॅक्सन १९५१ मध्ये वारला. मृत खेळाडूंवरची बंदी उठली ती थेट मे २०२५ मध्ये.

याच जॅक्सनला घेऊन डब्ल्यू. पी. किन्सेला यांनी 'शूलेस ज्यो' (१९८२) लिहिली आणि तिच्यावरून १९८९ मध्ये 'फील्ड ऑफ ड्रीम्स' हा चित्रपट निघाला. आयोवातला एक शेतकरी मक्याचे पीक कापून मैदान करतो आणि जुने खेळाडू मक्यातून बाहेर येऊन खेळू लागतात. चित्रपट पाहून रडलेली माणसे खूप आहेत. बापलेकांचा शेवटचा प्रसंग खरोखर हलवतो. पण कादंबरीत नायक ज्या लेखकाला सोबत घेतो तो जे. डी. सॅलिंजर आहे. चित्रपटात त्याच्या जागी एक काल्पनिक काळा लेखक आणला गेला आणि ती भूमिका जेम्स अर्ल जोन्स यांनी केली. शेवटी हाच काळा लेखक त्या मैदानाकडे पाहत सांगतो की हा खेळ म्हणजे आपल्यातले जे जे चांगले होते त्याची आठवण आहे. कोणाचे चांगले? मक्यातून बाहेर आलेले सगळे खेळाडू गोरे आहेत. १९१९ मध्ये त्या लेखकाच्या बापाला त्या संघात कोणी चेंडू उचलायलाही घेतले नसते. मक्यातून जॉश गिब्सन का येत नाही, हा प्रश्न पटकथेला पडत नाही. आपल्या देशातही 'पूर्वी सगळे कसे गोडीगुलाबीने राहत' अशा कथा निघतात तेव्हा आम्हांला हे मक्याचे शेत आठवते. (चित्रपटातला जॅक्सन उजव्या हाताने बॅट धरतो, खरा डावखुरा होता, पण ती फार लहान चूक.)

आठवणींचे साहित्य वाचावे तर लॉरेन्स रिटर यांचे. हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९६१ मध्ये टाय कॉब हा दिग्गज वारला, आणि त्या पिढीची माणसे संपायच्या आत त्यांचे बोलणे टिपून ठेवावे म्हणून ते ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गावोगाव फिरले. 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स' (१९६६) मध्ये म्हातारे खेळाडू स्वतःच्या शब्दांत बोलतात. उर्दूत ज्याला आपबीती म्हणतात तिचा हा उत्तम नमुना. संपादकाने आपला आवाज पूर्ण काढून घेतला आहे. मात्र त्या पहिल्या प्रवासात रिटर एकाही काळ्या खेळाडूच्या दारात गेले नाहीत.

रॉजर कान यांच्या 'द बॉइज ऑफ समर'ला (१९७२) आम्ही शहर-आशोब म्हणू. दिल्ली उजाडल्यावर उर्दू शायरांनी जशी शहरावरची शोककाव्ये लिहिली, तसे हे ब्रुकलिनवरचे गद्य आहे. कान १९५२-५३ मध्ये वार्ताहर म्हणून ब्रुकलिन डॉजर्स संघाबरोबर फिरले. १९५७ च्या मोसमानंतर मालकाने संघ लॉस एंजेलिसला नेला. १९६० मध्ये मैदान पाडून तिथे इमारती आल्या. पुढे कान एकेका खेळाडूला शोधत गेले. ज्याच्या फेकीची दहशत होती तो कार्ल फुरिलो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवण्याचे काम करत होता. बिली कॉक्स दारूच्या गुत्त्यात पेले भरत होता. रॉय कॅम्पानेला १९५८ च्या मोटार अपघातापासून चाकाच्या खुर्चीत होता. जॅकी रॉबिन्सनचा तरुण मुलगा १९७१ मध्ये अपघातात गेला. पहिल्या भागात कान स्वतःविषयी जरा जास्त बोलतात. ती पाने चाळली तरी चालतील. दुसरा भाग हा खाका-लेखनाचा धडा आहे. मोठ्या माणसाला लहान घरात भेटायचे, आणि त्याची कीव न करता त्याच्याविषयी लिहायचे, हे अवघड काम कान यांनी केले.

जिम बूटन यांच्या 'बॉल फोर'ने (१९७०) वेगळेच केले. १९६९ च्या मोसमाची ही रोजनिशी. खेळाडू उत्तेजक गोळ्या घेतात, रात्री दारू पितात, मालक पैशासाठी कसे घोळवतात, सारे नावानिशी. आयुक्त बोवी कून यांनी बूटनला बोलावून हे सारे खोटे आहे असे कागदावर लिहून देण्यास सांगितले. त्याने नकार दिला. त्याच्या आधी पत्रकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ते संघाच्या गाडीने प्रवास करत, संघाच्या पानावर जेवत, आणि खाल्ल्या मिठाला जागत. याच कून यांच्या कारकिर्दीत १९७७ च्या अंतिम मालिकेत मेलिसा लुडकी या महिला वार्ताहराला खेळाडूंच्या खोलीत मुलाखतीस जाऊ दिले नाही. खटला झाला, आणि १९७८ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला तो कॉन्स्टन्स बेकर मोटली या न्यायाधीशांनी. अमेरिकेच्या संघीय न्यायासनावर बसलेल्या त्या पहिल्या काळ्या महिला. हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूला जागा नव्हती. असा लेखी कायदा नव्हता. लेखी नसलेला कायदा जास्त पक्का असतो. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी कॅन्सस सिटीत काळ्यांची स्वतंत्र लीग उभारली, आणि सॅचेल पेज, जॉश गिब्सन यांच्यासारखे खेळाडू तिथे खेळले. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांत या सामन्यांना सहसा जागा नसे. 'द स्पोर्टिंग न्यूज' हे साप्ताहिक बेसबॉलची पोथी मानले जाई; त्याने १९४२ मध्ये संपादकीय लिहून बजावले की वर्णाचा प्रश्न उकरून कोणाचेच भले होणार नाही. चालक होते जे. जी. टेलर स्पिंक.

तक्ते छापले ते 'पिट्सबर्ग कुरिअर', 'बॉल्टिमोर आफ्रो-अमेरिकन' यांसारख्या काळ्या समाजाच्या साप्ताहिकांनी. तुटपुंजा पैसा, थोडी माणसे. 'कुरिअर'चे वेंडेल स्मिथ हे तरुणपणी स्वतः पिचर. त्यांनी जिंकून दिलेल्या सामन्यानंतर एका संघाच्या निवडकर्त्याने त्यांच्याबरोबर खेळलेल्या गोऱ्या मुलांना करार दिला आणि त्यांना सांगितले की तुझ्या रंगामुळे माझा नाइलाज आहे. हा माणूस १९३७ मध्ये 'कुरिअर'मध्ये आला. १९३९ मध्ये त्याने नॅशनल लीगच्या गोऱ्या खेळाडूंना आणि व्यवस्थापकांना एकेक करून विचारले : काळे खेळाडू आले तर तुमची हरकत आहे का? बहुतेकांनी नाही म्हटले. 'आमचे खेळाडू तयार नाहीत' हा मालकांचा बहाणा त्याने त्यांच्याच खेळाडूंच्या तोंडून खोडून काढला. आमच्या दृष्टीने क्रीडापत्रकारितेत याहून मोठे काम क्वचितच झाले असेल. त्यात अलंकारिक वाक्य एक नाही. प्रश्न आहे, उत्तर आहे, उत्तर देणाऱ्याचे नाव आहे.

सॅम लेसी हे 'आफ्रो-अमेरिकन'चे. न्यूयॉर्कच्या 'डेली वर्कर' या कम्युनिस्ट दैनिकात लेस्टर रॉडनी यांनी १९३६ पासून हीच मोहीम चालवली. त्यांचे नाव बरीच वर्षे इतिहासकारांनी टाळले, कारण उघड आहे. १९४६-४७ मध्ये रॉबिन्सन आला तेव्हा स्मिथ त्याच्याबरोबर राहिले. गोऱ्यांच्या हॉटेलात जागा नाही म्हणून काळ्या कुटुंबांकडे त्याची राहण्याची सोय लावली, त्याच्या नावाचे सदर लिहून दिले. मात्र मैदानावर पत्रकारांसाठी राखलेल्या सज्जात स्मिथ यांनाच जागा नव्हती. तिथे बसायला पत्रकार संघटनेचे ओळखपत्र लागे, आणि ते काळ्या साप्ताहिकाच्या माणसाला मिळत नसे. टंकलेखन यंत्र मांडीवर घेऊन त्यांनी प्रेक्षकांत बसून लिहिले. खेळाडू आधी आत गेला, त्याची बातमी देणारा नंतर. लेसींना ते सभासदत्व मिळाले १९४८ मध्ये.

पुढची गंमत पाहा. पत्रकारांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार १९६२ पासून स्पिंक यांच्या नावाने दिला जाऊ लागला. वेंडेल स्मिथ १९७२ मध्ये वारले. त्यांना हा पुरस्कार १९९३ साठी मिळाला, लेसींना १९९७ साठी. ज्याने दार लावून धरले त्याच्या नावाचे पदक, ज्याने दार ठोठावले त्याच्या गळ्यात. हे नाव पुरस्कारावरून काढले गेले ते २०२१ मध्ये. २०१४ साली रॉजर एंजल यांनाही हाच पुरस्कार मिळाला होता. 'न्यूयॉर्कर'मध्ये अनेक दशके बेसबॉलवर लिहिणारे, १०१ वर्षे जगून २०२२ मध्ये गेलेले एंजल हे या क्षेत्रातले सर्वांत सुंदर गद्य लिहिणारे, याविषयी वाद नाही. आम्हीही त्यांची 'द समर गेम' आनंदाने वाचली. परंतु एंजल आरामात प्रेक्षागारात बसून खेळ न्याहाळू शकत होते. स्मिथ यांना बसायलाच जागा शोधावी लागली. दोघांच्या वाक्यांची तुलना करताना ही जागा विसरून चालणार नाही.

रॉबिन्सनची दोन आत्मकथने एकापुढे एक ठेवून वाचावीत. पहिले १९४८ चे 'माय ओन स्टोरी', वेंडेल स्मिथ यांनी शब्दांकित केलेले, विजयाच्या भरातले. दुसरे 'आय नेव्हर हॅड इट मेड', १९७२ चे, मृत्यूच्या वर्षातले. मधल्या काळात मुलगा गेला, देश पाहिला, मधुमेहाने दृष्टी जवळपास घेतली. १९४९ मध्ये त्याने संसदीय समितीपुढे पॉल रोबसन यांच्या विरोधात साक्ष दिली होती; दुसऱ्या पुस्तकात तो म्हणतो की आता बोलावले असते तर गेलो नसतो. ज्याला देशाने बरोबरीचा पुतळा केले, तोच शेवटी सांगतो की मला बसवल्यासारखे वाटलेच नाही. पहिले पुस्तक शाळेत वाचून दाखवायला सोपे आहे. खरे पुस्तक दुसरे.

काळ्या लीगचा पहिला भरीव इतिहास १९७० मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी लिहिला, 'ओन्ली द बॉल वॉज व्हाइट'. मैदानावर पांढरा होता तो फक्त चेंडू. १९९४ मध्ये केन बर्न्स यांच्या दीर्घ माहितीपटात बक ओनील हे वृद्ध खेळाडू बोलले आणि देशाने प्रथमच ती लीग ऐकली. २००६ मध्ये त्या लीगशी निगडित सतरा जणांना हॉल ऑफ फेममध्ये घेतले. ओनील यांना वगळले. ते समारंभाला गेले, त्या सतरांसाठी बोलले, आणि त्याच वर्षी वारले. त्यांची निवड २०२१ मध्ये झाली.

ऑगस्ट विल्सन यांचे 'फेन्सेस' हे नाटक याच माणसांचे आहे. ट्रॉय मॅक्सन एके काळी काळ्या लीगचा फटकेबाज, आता पिट्सबर्गमध्ये कचरा गोळा करणारा. रॉबिन्सन आला तेव्हा याचे वय निघून गेले होते. तो कडू झाला आहे, आणि तो कडूपणा आपल्या मुलावर काढतो; मुलाची खेळाची संधी मोडतो. १९८७ चे पुलित्झर या नाटकाला मिळाले. 'फील्ड ऑफ ड्रीम्स'मधल्या बापलेकांशेजारी हे बापलेक बसवून पाहावे.

आणि मग तक्ते. लॅरी लेस्टर, गॅरी ॲशविल यांच्यासारख्या संशोधकांनी काळ्या साप्ताहिकांच्या जुन्या फायली वर्षानुवर्षे चाळून सामन्यामागून सामना जुळवला. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या काळ्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले आणि टाय कॉबची ०.३६७ ही कारकिर्दीतली सर्वोच्च सरासरी मागे पडून जॉश गिब्सनची ०.३७२ वर गेली. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी गेला होता, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याच्या तीन महिने आधी. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कूपर्सटाउनच्या फलकावर गिब्सनचे जवळजवळ आठशे होमरन लिहिले आहेत. लीगच्या सामन्यांच्या सापडलेल्या तक्त्यांत ते दोनशेच्याही आत भरतात, कारण बाकीचे गावोगावच्या फिरत्या सामन्यांतले. तक्त्याने दंतकथा लहान केली आणि माणसाला जागा दिली. आम्हांला हा सौदा मंजूर आहे.

आकड्यांचेच एक वेगळे साहित्य आहे. कॅन्ससमधल्या एका कारखान्यात रात्रपाळीची राखण करणाऱ्या बिल जेम्स यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या खर्चाने आकड्यांची पुस्तिका काढली. तिथून मायकल लुइस यांच्या 'मनीबॉल'पर्यंत (२००३) रस्ता जातो. 'मनीबॉल' वेगात वाचून होते, पण पुढे ते व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक झाले आणि त्यातला खेळाडू म्हणजे स्वस्तात घेतलेला माल उरला. २००२ चा ओकलंड संघ ज्या पिचरांच्या बळावर उभा होता त्यांना त्यात, आणि चित्रपटात तर आणखीच, थोडी जागा आहे.

आपल्याकडे याला समांतर असे काय आहे? रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड'ने (२००२) पळवणकर बाळू या दलित गोलंदाजाला इतिहासात त्याची जागा दिली. त्याच पुस्तकात मुंबईच्या त्या स्पर्धेची हकीकत आहे, जिच्यात १९१२ पासून मुस्लिमांचा संघ उतरला, जी १९३७ पासून पाच संघांची झाली आणि १९४६ मध्ये संपली. धर्माच्या नावाने संघ असावेत का, यावर तेव्हा मोठा वाद झाला आणि ती स्पर्धा बंद झाली याचे आम्हांला दुःख नाही. पण त्या संघात खेळलेली माणसे कोण होती, कोणत्या मोहल्ल्यातून आली, फाळणीनंतर त्यांतले कोण गेले, कोण राहिले, राहिलेल्यांनी काय केले? इंग्रजी वृत्तपत्रांत धावा सापडतील. माणसे सापडायची असतील तर त्या काळच्या उर्दू वृत्तपत्रांच्या फायली उघडाव्या लागतील. 'इन्किलाब' १९३८ पासून मुंबईत निघत आहे. उर्दू वाचता येणारा आणि मराठीत लिहिणारा माणूस या कामाला लागेल, आणि असे लोक आज या अंकाच्या वाचकांतच सर्वांत जास्त आहेत. कागद जुना झाला की तुटतो, म्हणून घाई एवढीच.

बेसबॉलच्या पुस्तकांपैकी सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले तर आम्ही लार्डनर आणि कान सांगू, मग रॉबिन्सनचे दुसरे पुस्तक. खेळाचे नियम आधी पाठ करण्याची गरज नाही. पन्नासाव्या पानापर्यंत ते आपोआप कळतात.